गावाचं गुपित आणि शोध घेणारी मुलं

आपल्या मंडळातली पुष्कळ कुटुंबं निशि-कासाईत किंवा तिथून एक-दोन स्टेशनं अलीकडे-पलीकडे राहतात. 'एदोगावा-कू' ही अक्षरं आपण इतक्या फॉर्मांवर लिहिली आहेत की ती हातातून आपोआप उतरतात. आपल्या मुलांना मात्र एदोगावा म्हटलं की नदी आठवत नाही आणि वॉर्डही आठवत नाही. त्यांना आठवतो कोनान! निळा कोट, लाल बो आणि डोळ्यांवर मोठा चष्मा असा हा चिमुरडा डिटेक्टिव्ह १९९४ साली 'शोनेन संडे' साप्ताहिकात अवतरला आणि १९९६ पासून टीव्हीवर आला. त्याचं पूर्ण नाव एदोगावा कोनान. गोष्टीच्या सुरुवातीला नायकावर ऐनवेळी खोटं नाव सांगायची पाळी येते, आणि समोरच्या कपाटातल्या पुस्तकांवरची दोन नावं जोडून तो वेळ मारून नेतो. ती नावं म्हणजे एदोगावा राम्पो आणि कॉनन डॉयल.

गंमत म्हणजे यातलं राम्पो हे नावही खरं नाही. या लेखकाचं खरं नाव हिराई तारो. त्याचा आवडता लेखक होता अमेरिकेचा एडगर ॲलन पो. रहस्यकथेचा जनक मानला जाणारा हा पो वाढला तो अमेरिकेच्या दक्षिणेत, व्हर्जिनियातल्या रिचमंड गावी. त्याचं नाव जपानी जिभेवर 'एदोगा आरान पो' असं होतं. ते जरा भरभर म्हटलं की झालं एदोगावा राम्पो! हे कळल्यापासून घरचा पत्ता लिहिताना मला दर वेळी हसू येतं.

या सगळ्याच्या मागे मी लागले ते माझ्या मुलीमुळे. तिसरीत असताना कोनान, पाचवीत शाळेच्या वाचनालयातला राम्पो आणि हायस्कूलमध्ये गेल्यावर 'ह्योका' असा तिच्या वाचनाचा प्रवास झाला. ती पुढे आणि मी शब्दकोश घेऊन मागे. तिला पुस्तक संपवायला दोन दिवस लागायचे, मला दोन महिने. पण वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की या देशातल्या रहस्यकथेतलं मूल कसं मोठं होत गेलं, याचा एक इतिहासच या पुस्तकांतून उलगडतो आहे. आधी हे मूल चोर पकडायचं. पुढे पुढे त्याला कळायला लागलं की काही गुन्ह्यांमध्ये पकडायला चोरच नसतो. सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि सगळं गाव गप्प असतं. हा इतिहास आपल्या मराठी घरांनाही लागू आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

राम्पोचा जन्म २१ ऑक्टोबर १८९४ रोजी मिए-केनमधल्या नाबारी या लहानशा गावी झाला. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाने तो अगदी तान्हा असतानाच ते गाव सोडलं आणि त्याचं बालपण नागोयात गेलं. वासेदा विद्यापीठात शिकून, नाना नोकऱ्या धरून आणि सोडून झाल्यावर १९२३ साली 'शिन सेइनेन' मासिकात त्याची पहिली कथा आली. नाबारीकरांनी मात्र या माणसाला सोडलं नाही. जिथे तो जन्मला तिथे १९५५ साली स्मारकशिला उभी राहिली. पुण्या-मुंबईत नाव काढलेल्या माणसाचा फलक गावाने जन्मघरावर लावावा, त्यातलाच हा प्रकार.

मुलांसाठी त्याने लिहायला घेतलं ते १९३६ साली. 'शोनेन कुराबु' हे कोदान्शाचं मुलांचं मासिक तेव्हा फार जोरात होतं. त्यात जानेवारीपासून 'काइजिन निजू मेन्सो', म्हणजे वीस चेहऱ्यांचा अवलिया, ही कादंबरी क्रमशः यायला लागली. राम्पोला खरं तर नावात 'चोर' हे अक्षर हवं होतं. मुलांच्या मासिकात चोराचं नाव मथळ्यावर नको असं ठरलं, आणि चोराचा अवलिया झाला. हा अवलिया वेषांतरात पटाईत. त्याला जडजवाहीर आणि कलावस्तूंचा षोक, पण रक्तपाताचा तिटकारा. त्याच्या मागावर असतो डिटेक्टिव्ह आकेची कोगोरो, आणि आकेचीचा उजवा हात म्हणजे लाल गालांचा पोरगा कोबायाशी. कोबायाशीच्या हाताखाली शाळकरी मुलांची एक टोळी तयार होते, तीच 'शोनेन तान्तेइदान', बाल-गुप्तहेर संघ. कोनानच्या वर्गातली चिल्लीपिल्ली स्वतःला हेच नाव लावतात, हे आपल्या मुलांना सांगा. त्यांना आजोबांकडची जुनी वस्तू सापडल्यासारखा आनंद होतो.

मराठी वाचकाला इथे कोण आठवणार? फास्टर फेणेच! भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. पुण्याजवळच्या या गावातून तो शिकायला पुण्याला विद्याभवन शाळेत येतो, सायकल हाणतो, तोंडाने 'ट्टॉक्' करतो आणि मोठ्यांच्या नाकावर टिच्चून गुन्हेगार पकडून देतो. उत्कर्ष प्रकाशनाचा वीस पुस्तकांचा संच आपल्यापैकी कितीतरी जणांनी मे महिन्याच्या सुट्टीत पालथा घातला असेल. सुमीत राघवनची दूरदर्शनवरची मालिका कुणाला आठवत असेल, आणि २०१७ चा अमेय वाघचा चित्रपट आपल्या मुलांनी पाहिला असेल. कोबायाशी आणि फेणे यांची कधी गाठ पडली असती तर भाषेवाचून दोघांचं छान जमलं असतं. दोघांच्याही जगात एक गोष्ट ठरलेली आहे. वाईट माणूस बाहेरून येतो, मूल धीट असतं, आणि शेवटी मोठी माणसं मुलाच्या पाठीवर थाप मारतात.

पण 'काइजिन'चं ते साल पुन्हा बघा. १९३६ च्या फेब्रुवारीत तोक्योच्या बर्फात लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं आणि मंत्र्यांना घरात शिरून मारलं. पुढच्या वर्षी चीनशी युद्ध पेटलं. शहरभर पाळत ठेवणारे, चोरवाटा शोधणारे, मोठ्यांना उलटे प्रश्न विचारणारे पोरगे आता कुणाला नको होते. १९३९ साली राम्पोची 'इमोमुशि' (सुरवंट) ही जुनी कथा संग्रहातून काढून टाकायचा हुकूम निघाला. युद्धात हातपाय गमावून आलेल्या सैनिकाची आणि त्याच्या बायकोची ती कथा. त्याच सुमारास मुलांच्या रहस्यमालिकेचाही धागा तुटला. युद्धाच्या काळात राम्पोने वेगळं टोपणनाव घेऊन मुलांसाठी विज्ञानाच्या आणि युक्तीच्या गोष्टी लिहिल्या. चोर नाही, पोलीस नाही, गुपित नाही.

युद्ध संपलं. तोक्यो बेचिराख झालं होतं. इकेबुकुरोतलं राम्पोचं घर आणि पुस्तकांनी भरलेली मातीच्या जाड भिंतींची कोठी मात्र बॉम्बहल्ल्यातून वाचली. आज ती वास्तू शेजारच्या रिक्क्यो विद्यापीठाकडे आहे. १९४९ साली 'शोनेन' नावाच्या मासिकात राम्पोने बाल-गुप्तहेरांना परत आणलं, 'सेइदो नो माजिन' (ब्राँझचा राक्षस) या कादंबरीत. या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. युद्धापूर्वीची टोळी म्हणजे चांगल्या घरची, टोपी-गणवेशातली मुलं. रात्री-अपरात्रीची कामं त्यांना कशी सांगायची? म्हणून कोबायाशी उएनो पार्कमध्ये जातो आणि तिथे उघड्यावर राहणाऱ्या, युद्धात आई-वडील गमावलेल्या पोरांची एक जादा तुकडी उभी करतो. त्या काळी उएनो स्टेशनच्या भुयारी वाटांमध्ये अशी मुलं खरोखरच झोपत असत. साकुरा बघायला आपण जिथे चटया अंथरून डबे उघडतो, तीच ही जागा. मनोरंजनासाठी लिहिलेल्या गोष्टीत राम्पोने त्या मुलांना काम दिलं, मान दिला आणि टोळीत घेतलं. मोठी माणसं त्यांच्याकडे बघायचं टाळत होती तेव्हाची ही गोष्ट आहे.

राम्पो तोक्योत मुलांची टोळी पुन्हा जमवत होता, तोवर रहस्यकथा खेड्यात पोचली होती. ती नेली योकोमिझो सेइशी याने. १९४५ च्या वसंतात बॉम्बहल्ल्यांपासून दूर म्हणून तो कुटुंबासह ओकायामा-केनमधल्या ओकादा गावी जाऊन राहिला. आज हा भाग कुराशिकी शहराच्या माबी वस्तीत येतो. गावकऱ्यांकडून त्याने जुन्या घराण्यांच्या हकिकती ऐकल्या, आणि १९४६ साली 'होन्जिन सात्सुजिन जिकेन' लिहिली. विस्कटलेल्या केसांचा, चुरगळलेल्या हाकामातला त्याचा किंदाइची कोसुके तिथेच जन्मला. थोरल्या मुलांना 'किंदाइची शोनेन' हा मांगा ठाऊक असेल. त्यातला पोरगा याच किंदाइचीचा नातू म्हणून दाखवला आहे.

योकोमिझोच्या कथांत गुन्ह्याचं मूळ बहुतेकदा घराण्यातच असतं. वारसा, अब्रू, लग्न, जुनं वैर. ज्या वर्षांत तो हे लिहीत होता त्याच वर्षांत जपानमध्ये जमीन-सुधारणा होऊन जमीनदारी मोडत होती, आणि घराण्याच्या कर्त्या पुरुषाला सगळे अधिकार देणारा कौटुंबिक कायदा १९४७ साली बदलत होता. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आला आणि कितीतरी वाड्यांचे दिवस फिरले, तो काळही हाच. जुनी व्यवस्था मोडली की तिची झाकून ठेवलेली गुपितं वर येतात. पण योकोमिझोची पुस्तकं मोठ्यांसाठी होती. त्यात मुलं होती ती बहुधा बळी म्हणून किंवा साक्षीदार म्हणून.

मुलाच्या डोळ्यांनी गावाचं गुपित पाहायचं, ही गोष्ट जपानी वाचकापुढे मोठ्या ताकदीने आली ती बाहेरून. हार्पर ली या लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० साली अमेरिकेत निघाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. जपानीत ती १९६४ साली 'आराबामा मोनोगातारी', म्हणजे अलाबामाची गोष्ट, या नावाने आली. काढली ती 'कुराशि नो तेचो'च्या प्रकाशनसंस्थेने, स्वयंपाक, शिवणटिपण आणि घरगुती उपकरणांच्या चाचण्या छापणाऱ्या गृहिणींच्या लाडक्या नियतकालिकाने. त्यामुळे हे पुस्तक थेट घराघरांत शिरलं. २०२३ साली हायाकावाने तिचं नवं भाषांतर काढलं आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९३० च्या दशकातलं अमेरिकेच्या दक्षिणेतलं मेकोम्ब नावाचं सुस्त गाव. स्काउट ही लहान मुलगी, तिचा भाऊ जेम आणि सुट्टीत येणारा एक मित्र. शेजारच्या बंद घरातून कधीच बाहेर न पडणारा माणूस कसा असेल, या कोड्याचा छडा लावायचा खेळ ही मुलं खेळतात. तोवर ही फास्टर फेणेचीच गोष्ट आहे. मग एका काळ्या माणसावर खोटा आळ येतो, मुलांचे वडील त्याचं वकीलपत्र घेतात, आणि कोर्टाच्या गॅलरीत बसून मुलं पाहतात की पुरावा स्वच्छ समोर असताना गावातली भली, ओळखीची, चर्चला जाणारी माणसं खोटा निकाल देतात. इथे कुणीच पाठीवर थाप मारत नाही. मूल जाणतं होतं ते तिथे.

आता ताकायामाकडे वळू. शिराकावा-गोला जाताना आपल्यापैकी बहुतेक जण ताकायामाला एक मुक्काम करतात. जुन्या लाकडी घरांची सान्माची, मियागावाच्या काठचा सकाळचा बाजार, ताकायामा-जिन्या. फोटो निघतात, हिदा बीफ न खाणारे मितारशी दांगो खातात आणि बस पकडतात. योनेझावा होनोबु हा लेखक याच हिदा भागात शिकला. कानाझावा विद्यापीठातून पदवी घेऊन तो ताकायामाला परत आला आणि पुस्तकाच्या दुकानात नोकरी करता करता लिहीत राहिला. २००१ साली त्याची पहिली कादंबरी आली, 'ह्योका'. २०२२ च्या जानेवारीत मानाचं नाओकी पारितोषिक मिळवणारा हाच तो लेखक. 'ह्योका'तल्या गावाचं नाव कामियामा आहे, पण ताकायामा पाहिलेल्या माणसाला नदी, पूल आणि डोंगर लगेच ओळखू येतात. २०१२ साली क्योतो ॲनिमेशनने मालिका काढली आणि तेव्हापासून ती पाहिलेली पोरंपोरी हातात नकाशे घेऊन या गावात हिंडतात.

कादंबरीची सुरुवात होते बनारसच्या पत्राने! जगभर भटकणारी थोरली बहीण बनारसहून धाकट्या भावाला, ओरेकी होतारोला, लिहिते की तुझ्या हायस्कूलचा 'कोतेन-बु' (अभिजात साहित्य मंडळ) सभासदांअभावी बंद पडणार आहे, तेव्हा तू नाव घाल. जरूर नसेल तर बोटही हलवायचं नाही, असा हा होतारो. नाइलाजाने तो जातो. तिथे त्याला भेटते चितांदा एरु, गावातल्या बड्या शेतकरी घराण्यातली मुलगी. तिचे मामा याच मंडळाचे जुने सभासद. ते परदेशात बेपत्ता झालेले, आणि सात वर्षं होत आल्यामुळे जपानी कायद्याप्रमाणे आता मृत धरले जाणार. लहानपणी तिने मामांना या मंडळाबद्दल काहीतरी विचारलं होतं आणि त्यांचं उत्तर ऐकून ती रडली होती. उत्तर काय होतं ते आठवत नाही, फक्त रडणं आठवतं. मामांचे अंत्यसंस्कार होण्याआधी तिला ते जाणून घ्यायचं आहे.

मुलं शोध घेतात तो जुन्या स्मरणिकांमधून! मंडळाच्या अंकाचं नावच 'ह्योका' आहे. मी आज ज्या प्रकारच्या अंकात लिहिते आहे तसाच तो, वर्षातून एकदा निघणारा, सभासदांनी आपसांत लिहिलेला. तेहतीस वर्षांपूर्वी, म्हणजे १९६७ साली, शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवावरून विद्यार्थी आणि शाळा यांच्यात झगडा झाला होता आणि मामांना शाळा सोडावी लागली होती, इथवर त्यांना कळतं. जपानमधला तो विद्यार्थी चळवळीचा काळ. १९६९ च्या जानेवारीत तोक्यो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहावर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, ती दृश्यं इथल्या आजी-आजोबांना अजून आठवतात. गावाने या मामांना मागाहून एक प्रेमळ वीर ठरवून टाकलं आहे. मुलं कागद जुळवत जातात तसं दिसायला लागतं की वीरगाथा फार सोयीची आहे. पुढे काय होतं ते सांगून मी कुणाचा रसभंग करत नाही. एवढंच सांगते की तिथे खून नाही, दरोडा नाही, तुरुंगात कुणी जात नाही. उकल झाल्यावर माझी मुलगी बराच वेळ गप्प बसली होती, आणि मग म्हणाली, "आई, त्या सगळ्यांना माहीत होतं."

या मालिकेतली आणखी एक कथा मला फार आवडते. ताकायामाजवळच्या मिनाशी देवळात दर ३ एप्रिलला जिवंत बाहुल्यांचा, 'इकिबिना'चा, उत्सव होतो. हिदामध्ये थंडी उशिरापर्यंत असते म्हणून तिथे हिनामात्सुरी महिनाभर उशिरा. तरुण मुली सम्राज्ञी आणि तिच्या सख्यांच्या वेषात मिरवतात. २००७ च्या 'तोमावारी सुरु हिना' या पुस्तकात असाच उत्सव आहे, आणि त्यात चितांदा बाहुली होते. आपल्या गावात काही विशेष नाही, माणसं म्हातारी होत चालली आहेत, तरी शिकून इथेच परत यायचं आहे, असं ती होतारोला सांगते. गावाचं झाकलेलं गुपित ज्या मुलीने उघडं पाडलं तीच गावात परत यायचं म्हणते. हे वाचून मला, गाव सोडून साडेसहा हजार किलोमीटर दूर येऊन बसलेल्या बाईला, काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत गुपितं शोधणारी मुलं आहेत. गावात वाढणारी, जाणती होणारी मुलंही आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'पासून बेळगावकडच्या त्या मराठी-कानडी मुलखात आजी-आजोबांच्या सावलीत वाढतो. तिथेही वाचक त्याच्याबरोबर हळूहळू कळता होतो. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' (२००४) मधली नववीतली मुलं आणीबाणीच्या दिवसांत प्रेमात पडतात आणि मोठ्यांचं जग कसं चालतं ते पाहतात. गावाचं गुपित म्हणाल तर तेही लिहिलं गेलं आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, ती व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' मध्ये कुठलाही आक्रस्ताळेपणा न करता लिहिली. पण फास्टर फेणेच्या वयाचं मूल, हातात धागा, आणि धाग्याच्या टोकाला आपलंच गाव, आपलंच घर, अशी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. तिचा ऐवज मात्र आपल्या घराघरांत पडून आहे.

आमच्याच घरातलं सांगते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं. आजोबा पुण्याला बिऱ्हाड करून राहिले, पण जत्रेला आम्ही गावी जायचो. पडक्या वाड्याच्या ओसरीवर एक तुळई काळी ठिक्कर पडलेली होती. लहानपणी मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "चुलीचा धूर गं." ओसरीवर चूल कधीच नव्हती, हे माझ्यासारख्या फास्टर फेणेच्या चेलीला कळत होतं. पण आजीच्या आवाजात असं काही होतं की पुढे विचारायचं धाडस झालं नाही. मी कॉलेजात असताना आत्याच्या यजमानांनी सांगितलं. फेब्रुवारी १९४८. वाडा पेटवला तो काही अगदी परक्या माणसांनी नव्हे. आणि आजी-आजोबांना दोन रात्री धान्याच्या कणगीमागे लपवून ठेवलं तेही गावातल्याच शेजाऱ्यांनी. ते मराठा होते; पकडले गेले असते तर त्यांच्याही घराची धडगत नव्हती.

२०१९ च्या उन्हाळ्यात लेकीला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले. तिने तुळई पाहिली आणि तोच प्रश्न विचारला. मी तिला जे झालं ते सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत मागच्या दाराशी गेली आणि तिथे भिंतीबाहेर, पायऱ्यांच्या खाली असलेल्या खोलगट दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हे कशासाठी?" हा प्रश्न मी जन्मात कधी विचारला नव्हता. आमच्याबरोबर गावातले एक वयस्कर गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या लोकांना पाणी त्याच्यात वरून ओतायचे, ताई. घागरीला हात लावायचा नसायचा." ते हे माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून बोलले.

जळलेल्या तुळईची गोष्ट आमच्या घरात दबक्या आवाजात का होईना, चालत आली होती. दगडाची गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती गोष्ट आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी घेतलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. स्वतः बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिलं आहे की १९०१ साली, ते लहान असताना, भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरले आणि जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. रात्रभराच्या प्रवासात प्यायला पाणी मिळालं नाही. तेही सातारा जिल्ह्यातच. मुलाने जाणतं होणं म्हणजे काय याची याहून विदारक हकिकत मला ठाऊक नाही. पण माझ्या मागच्या दाराशी असलेला दगड आणि ते पान यांची सांगड घातली ती तोक्योत वाढलेल्या मुलीने, जिला मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं.

मला वाटतं, परदेशात वाढणाऱ्या मुलांचा हा एक फायदा आहे. कुठला प्रश्न विचारायचा नसतो हे त्यांना शिकवलेलं नसतं. आपण त्यांना भारतात नेतो ते आमरस, पुरणपोळी, शनिवारवाडा आणि नातेवाइकांच्या लग्नांसाठी. गावाची गोड बाजू दाखवावी, बाकीचं कशाला, असं आपल्याला साहजिकच वाटतं. जपानी पालकांनाही तसंच वाटत असणार. पण चितांदा गावावर प्रेम करते ते सगळं कळल्यावर. गोड तेवढंच दाखवलं तर मुलांच्या लेखी गाव म्हणजे ताकायामासारखी फोटो काढायची जागा होईल. आपलं होणार नाही.

मंडळाच्या ग्रंथालयाला भेट म्हणून फास्टर फेणेचा संच आणायचा विचार आहे. लहानांना मोठ्याने वाचून दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हायस्कूलमधल्या मुलांनी 'ह्योका' वाचावी, आणि त्यांच्या आई-वडिलांनी त्यांच्याकडून ती ऐकावी. ताकायामाला जाल तेव्हा पुलावर जरा जास्त वेळ थांबा. आणि पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांनी काही विचारलं तर 'चुलीचा धूर' म्हणू नका. माझ्या लेकीने पुढच्या खेपेसाठी वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला आहे त्या गृहस्थांसाठी: "तुमच्या घरी पाणी कुठून यायचं?"